कवडीची टोपली

बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरच्या एका सहकारी जिनिंगमध्ये. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. आईने माझं नेमणुकीचं पत्र देवाजवळ ठेवलं होतं. तिला ते वाचता येत नसे, पण रोज त्यावर हळदकुंकू वाहायची.

जिनिंगमध्ये शेतकऱ्यांचा कापूस यायचा, यंत्रावर त्यातली सरकी वेगळी व्हायची आणि रुईच्या गाठी बांधून गिरणीला जायच्या. यंत्रावर घालण्याआधी कापूस निवडावा लागे. त्यासाठी अंगणात तीसेक बाया ओळीने बसत. किडीने किंवा पावसाने पिवळं पडलेलं, घट्ट झालेलं बोंड म्हणजे कवडी. ती आणि काडीकचरा बाजूला काढायचा, एवढंच काम.

माझ्या पहिल्याच हंगामात गिरणीने गाठी परत पाठवल्या. मालात कवडी फार, असं पत्रात होतं. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. ते आवाज चढवून बोलणारे नव्हते.

"तुम्ही शिकलेले आहात. या बायांना नीट प्रशिक्षण द्या," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी दुसरा ट्रक जाईल. तोही परत आला तर निवडणीला ठेकेदाराची टोळी आणावी लागेल. गिरणी हातची घालवता येणार नाही."

म्हणजे या तीस बायांचं काम जाणार होतं. बहुतेकजणी थोड्याशा कोरडवाहू जमिनीवाल्या घरांतल्या. जिनिंग सोडलं तर त्या दिवसांत त्यांना जवळपास दुसरं काम नव्हतं.

शिकवणं म्हणजे काय, ते मला जसं शिकवलं गेलं तेवढंच माहीत होतं. मी शाळेतून एक फळा मागून आणला, भिंतीला टेकवला आणि वर लिहिलं, ‘कापसाची प्रतवारी’. खाली मुद्दे घातले. वर्तमानपत्रावर कापसाचे दहा छोटे ढीग मांडले. बायांपैकी फार थोड्यांना वाचता येत होतं, हे फळा भरल्यावर माझ्या लक्षात आलं.

"मास्तर, घंटा कवा वाजवता?" एकीने विचारलं.

"अवं, गुपचूप बस, नाई तं बाकावर उभी करतीन," दुसरी म्हणाली आणि सगळी ओळ हसली.

तीन दिवस मी तासभर बोललो. शेवटी परीक्षा घेतली. कोणत्या ढिगात कवडी आहे ते एकेकीने येऊन दाखवायचं. एकही चुकली नाही. "समजलं का सगळ्यांना?" मी विचारलं. "हाव," असा एकसुरात आवाज आला. प्रशिक्षण पूर्ण झालं, असं मी साहेबांना लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी निवडलेल्या ढिगात हात घातला. कवडी होतीच, पहिल्याइतकीच. मूठ उघडून मी तिच्याकडे पाहत राहिलो. ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडणार? त्यांना सगळं येत होतं.

त्या ओळीत एक वयस्क बाई होती. सगळ्या तिचं ऐकत. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "मावशी, मला तुमच्याजवळ बसून निवडू द्या."

"बसा. पन पँट खराब होईन."

"होऊ द्या."

"मंग मांडी घाला. शाळेत बसल्यावानी नोका बसू."

दुपारपर्यंत मी बसलो. तिची बोटं माझ्या तिप्पट वेगाने चालत होती. कचरा ती बाजूला जमिनीवर टाकत होती. मग तिने एक कवडी उचलली. हात कचऱ्याकडे गेला. तेवढ्यात पाठीवर बोजा घेतलेला हमाल त्या कचऱ्यातूनच चालत आला, कारण येण्याजाण्याची वाट तीच होती. मावशीचा हात थांबला, मागे वळला आणि कवडी चांगल्या कापसात गेली.

"मावशी, ती कवडी होती ना?"

"हाव."

"मग परत काऊन ठेवली?"

कॉलेजात गेल्यापासून माझ्या तोंडून ‘काऊन’ निघालं नव्हतं. तिने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं.

"भाऊ, तो हमाल पाहा, कसा तुडवून राह्यला. पिवळी असली तं काय झालं, कापूसच हाय ना? लक्ष्मीवर पाय पडू द्याव का?"

"हे तुम्ही त्या तीन दिवसांत सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुठी इचारलं? तुम्ही इचारलं कवडी कोनती. ते आमाले लहानपनापासून माहीत हाय."

माझी आई वेचणीहून आली की दारातच थांबायची, लुगड्याला चिकटलेला एकेक तंतू वेचून ओटीत घ्यायची. घरी आणलेल्या कवडीने तिने माझी उशी भरली होती. त्याच उशीवर डोकं ठेवून मी बी.कॉम.चा अभ्यास केला होता.

मी साहेबांकडे गेलो. "प्रशिक्षण झालं, पण नको त्या गोष्टीचं झालं," मी म्हणालो. "मला तीस टोपल्या पाहिजेत आणि हमालांना दुसऱ्या बाजूने वाट."

"बी.कॉम. होऊन टोपल्या मागता?" ते हसले. पण टोपल्या त्यांनी दिल्या. मी लिहून दिलेल्या अहवालाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

प्रत्येकीच्या उजव्या हाताला विटांवर एक टोपली आली. कचरा जमिनीवर, कवडी टोपलीत. टोपल्या भरल्या की ती कवडी गादीवाला घेऊन जाई. मी रोज प्रत्येक ढिगातून एक मूठ काढून त्या बाईसमोरच उघडायचो आणि काय अडतं ते विचारायचो. एक म्हणाली, दुपारी ऊन डोळ्यावर येतं, पिवळं-पांढरं कळत नाही. ओळ शेडच्या सावलीत हलवली. दोन नव्या बाया होत्या, त्यांना मावशीच्या दोन्ही बाजूंना बसवलं. ती त्यांना शब्दाने फारसं शिकवत नसे. चुकलं की त्यांचा हात धरायची.

ट्रक गेला. त्यानंतरचे आठ दिवस मी पोस्टमनची सायकल दिसली की उठून उभा राहत होतो. बाया काही विचारत नव्हत्या, मात्र सायकल फाटकात आली की ओळीतलं बोलणं थांबायचं.

नवव्या दिवशी साहेबांनी पत्र माझ्या हातात दिलं. माल पसंत होता, पुढचा लवकर मागवला होता. मी अंगणात जाऊन ते मोठ्याने वाचलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात चालतच राहिले.

मावशीने मान वर केली. "म्हंजे उद्या यायचं?"

"हाव," मी म्हणालो. "हंगाम संपेपर्यंत."

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. मुद्दे अर्धवट पुसलेला माझा फळा अजून तिथेच टेकलेला होता.

"मंग तो तेवढा उचला, भाऊ. तिथी दोघी बसतीन."