सांगलीच्या कोर्टात अडकलेलं लायसन

आमच्या ह्यांचं मोटारीचं लायसन गेलं ते एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी. तो म्हातारा आता स्वर्गात असो नाहीतर नरकात, माझ्या शिव्या त्याला अजून पोचत असतील.

लढाई संपल्यावर हे लष्करातून सुटून आले. तिथं लॉऱ्या चालवायला शिकले होते, म्हणून उंब्रजच्या एका मालकाच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर लागले. उंब्रज ते सांगली, रोज एक खेप. मोटारीत जागा अठरा माणसांची, पण बाजाराच्या दिवशी तीस तरी कोंबलेली असायची. सांगली तेव्हा संस्थानात होती आणि संस्थानच्या नाक्यावरचा जमादार माणसं मोजायचा. म्हणून एक रीतच पडून गेली होती. नाक्याच्या अलीकडं मोटार थांबायची, जादाची माणसं उतरून पायी नाका ओलांडायची आणि पुढं वळणावर परत चढायची. बायका लेकरं काखेत मारून उतरायच्या, कोंबड्यावाले पाट्या डोक्यावर घेऊन उतरायचे. जमादारालाही हे ठाऊक होतं. पण मोटारीत अठराच्या वर डोकी दिसली नाहीत की त्याचं काम झालं.

त्या दिवशी तो म्हातारा उतरेना. मी तिकीट काढलंय, चालायचं असतं तर घरनंच चालत आलो नसतो का, असं म्हणाला आणि दांडा धरून बसला. आता ह्यात त्याचं चुकलं कुठं, सांगा! बरोबर बोलत होता, हेच तर दुखणं. ह्यांनी हात जोडले, बाकीच्यांनी दटावलं, तसा तो जास्तच मोठ्यानं ओरडायला लागला. आरडाओरडा ऐकून जमादार चालत आला. त्यानं माणसं मोजली. चूक कुणाची, म्हणून विचारल्यावर हे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "माझी, साब." मालकाचं नाव काढलं नाही, म्हाताऱ्याचं काढलं नाही. लष्करानं ह्यांना सगळं शिकवलं, खाकी कपड्यापुढं "न्हाई" म्हणायचं तेवढं शिकवलं नाही.

जमादारानं लायसन काढून घेतलं, एक चिठ्ठी दिली आणि तारीख लागली की कळवू म्हणाला. चिठ्ठीवर महिनाभर मोटार चालवता येत होती. महिना सरला तरी तारीख येईना. मालकानं चार दिवस आणखी दम धरला आणि मग दुसरा ड्रायव्हर बघितला. त्याला तरी नावं कशी ठेवू?

तेवढ्यात संस्थानच गेलं. सांगलीची माणसं पेढे वाटत होती, आणि हे कोर्टाच्या ओसरीवर उभे राहून "माझी तारीख कवा हाय?" म्हणून विचारत होते. एक कारकून म्हणाला, तुमच्या नावाची तारीख नाही, साताऱ्याला जावा. साताऱ्याचा म्हणाला, खटला सांगलीचा, सांगलीला जावा. मग नवा जिल्हा झाला आणि सांगली साताऱ्यातून निघाली, तेव्हा तर दोन्हीकडचे मोकळे झाले. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी गत. पाच वेळा गेले हे. पाची वेळा तेच विचारलं, तेच उत्तर ऐकलं, "जी साब" म्हणाले आणि परत आले.

घरी दिराच्या उसाला पाणी पाजायला जायचे. मळा रस्त्याच्या कडेला. एखादी मोटार गेली की हातातलं खोरं थांबायचं, आणि पाणी एकाच सरीत तुंबून बांध फोडायचं. दीर येऊन बांध परत घालायचा. ते बघणं मला टोचायचं.

मग बातमी आली की सर्व्हिस मोटारी बंद होणार, सरकारच्या मोटारी धावणार, आणि साताऱ्याला ड्रायव्हर निवडायचे आहेत. लष्करातून आलेल्यांना आधी घेणार होते. ह्यांनी अर्ज केला. जमादाराची चिठ्ठी होती तीही कचेरीनं अर्जाला टाचून ठेवून घेतली. साहेब म्हणाला, सोमवारी लायसन घेऊन या, मग बघू. घरी आले तेव्हा ह्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. लायसन कुठं होतं आणायला? उद्या परत सांगली गाठतो म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिवतापानं धरलं. दोन वाकळा घातल्या तरी दात वाजत होते.

शनिवार उजाडला. कचेरी अर्धाच दिवस. मी लुगडं बदललं आणि सासूला म्हणाले, मी जाते. ती म्हणाली, "बाईमाणसानं कोर्टाची पायरी चढायची? शाण्या माणसानंबी चढू नये म्हंत्यात."

"शाण्या माणसांना घरात बसून काय मिळालं, आत्याबाई?" मी म्हणाले. तिनं भाकरी बांधून दिली. ह्यांच्या ओळखीच्या ड्रायव्हरनं मला मोटारीत पुढं बसवलं. सगळी वाट मी तोंडातल्या तोंडात काय बोलायचं ते घोकत होते.

कोर्टात जुन्या दप्तराच्या खोलीपुढं दहाबारा जण उभे होते. आत भिंतभर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि मधे एक वयस्कर कारकून, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. माझी पाळी आली. मी सगळं सांगितलं, नाका, म्हातारा, लायसन. त्यानं शांतपणानं ऐकून घेतलं, लेखणी उचलली आणि विचारलं, "आरोपीचं नाव?"

वाटभर घोकलेल्यात हे नव्हतंच. हे मला कसं सुचलं नाही, याचा आजही राग येतो. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतात तेवढंच, तेही माझ्यानं कधी धड झालं नव्हतं. आणि घरी माणूस दोन वाकळांखाली थडथडत पडलेला. लिहून द्यावं तर मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते मी नातवंडं झाल्यावर प्रौढांच्या वर्गात शिकले. आता ते नाव लिहिता येतं, पण इथं लिहिणार नाही.

मी देवाच्या खुणेनं सांगून बघितलं, कारण नाव देवाचं होतं. कारकुनानं चार देव घेतले, चारी चुकले. मागं लोक खुदखुदायला लागले. कुणीतरी वकिलाचा माणूस म्हणाला, "उखाणा घ्या की वैनी, आमी ऐकतो." माझ्या अंगाची लाही लाही झाली. एरवी त्याला तिथंच सोलून काढला असता. पण भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून कारकून म्हणाला, "बाई, नावाशिवाय मी कुठं शोधू? कचेरी बंद व्हायला आली."

मी नाव घेतलं. घेतलं ते एवढ्या मोठ्यानं, की ओसरीवरची माणसं वळून बघायला लागली. कारकुनानं लिहून घेतलं आणि वर न बघता विचारलं, बापाचं नाव? आमच्यात सासऱ्याचंही नाव घेत नाहीत. पण आता बुडालेच होते. तेही घेतलं. मी मनात म्हणत होते, देवा, काय वजा करायचं ते माझ्यातून कर.

त्यानं संस्थानच्या वेळचं एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि बोट लावून लावून खाली आला. बोट थांबलं. "हा खटला तर केव्हाच निकाली निघालाय," तो म्हणाला. संस्थान जाणार हे ठरल्यावर तिथल्या न्यायाधीशांनी सगळे किरकोळ खटले एका दिवसात मिटवले होते. आमच्या नावापुढं लिहिलं होतं, ताकीद देऊन सोडलं, लायसन परत द्यावं. तो दिवस जमादारानं लायसन घेतल्यापासून महिन्याच्याही आतला होता. म्हणजे हे पहिल्यांदा ओसरीवर येऊन उभे राहिले, तेव्हाच सुटलेले होते.

"आमच्या घरचे पाच येळा आले हितं," मी म्हणाले. "त्यास्नी कुणी का सांगितलं न्हाई?"

"त्यांनी विचारलं काय?"

"माझी तारीख कवा हाय, असं."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "निकाली निघालेल्या खटल्याला तारीख नसते. निकाल काय लागला, असं विचारायचं."

खवचटपणानं नाही बोलला. भला माणूस होता, बिचाऱ्यानं घरी जायची वेळ होऊनसुद्धा शिपायाला हाक मारली आणि मुद्देमालाच्या खोलीत, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू ठेवतात तिथं, मला पाठवलं. अशा माणसावर ओरडणार तरी कसं? त्या खोलीत काठ्या, कंदील, सायकलींचे दिवे आणि एक पत्र्याची पेटी होती. पेटीत तळाशी लायसन सापडलं. लष्करी टोपीतला ह्यांचा फोटो. मी अंगठा उठवला, लायसन पदरात बांधलं आणि मोटारीच्या अड्ड्यापर्यंत अक्षरशः पळत गेले. त्या दुपारएवढा आनंद मला पुढं लेकाच्या बारशालाही झाला नाही.

घरी हे अंथरुणातून उठून बसले. लायसन हातात घेऊन फोटो पुसला. नाव कसं सांगितलंस, एवढं मात्र विचारलं. मी सांगितलं. हे हसले आणि म्हणाले, बरं झालं, कोर्टात घेतलंस ते, आता लिहूनच ठेवलं असंल. ताप उतरला नव्हता, पण सोमवारी पहाटेच तयार झाले. मी सोबत गेले, कारण एकट्याला सोडायची मला हिंमत नव्हती.

साताऱ्याच्या साहेबानं लायसन उघडलं आणि परत पुढं सारलं. लायसन दर वर्षी नवं करून घ्यायचं असतं, ह्याची मुदत केव्हाच संपली होती. हे ह्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण सरकारच्याच ताब्यात पडलेल्या लायसनचे दिवस सरकार मोजत नसणार, असं ह्यांनी धरलं होतं. ह्यांनीच काय, सगळ्या ड्रायव्हरांनी तसंच सांगितलं होतं. साहेब म्हणाला, मोजतात. अर्ज करून नवं करून घ्यायला पाहिजे होतं. आता इतके दिवस झाल्यावर परीक्षा नव्यानं द्यावी लागेल, आणि परीक्षेला मोटार ज्याची त्यानं आणायची.

हे ताठ उभे होते. अंगात ताप, कपाळावर घाम. म्हणाले, "जी साब."

बाहेर आल्यावर माझा तोल गेला. तुमच्या तोंडात दुसरा शब्द न्हाई का, असं मी भर रस्त्यात ओरडले. पाच वेळा जी साब म्हणून आलात, आजबी जी साब. वर्षं खाल्ली त्यांनी आपली, अन् तुमी सलाम करून आलात. एका पानवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं. मला कुणाची लाज राहिली नव्हती.

हे कठड्यावर बसले. मग म्हणाले, "अन् दुसरा शब्द बोललो असतो, तर दिलं असतं व्हय त्यांनी?"

मी पदरानं ह्यांच्या कपाळावरचा घाम पुसला.

मोटार कोण देणार परीक्षेला? जुन्या मालकानं मोटारी विकायला काढल्या होत्या, लायसन नसलेल्याच्या हाती एक दिवससुद्धा देईना. सरकारी मोटारीवरचे मित्र म्हणाले, आमची असती तर दिली असती, पण ती सरकारची. लायसन नाही म्हणून मोटार नाही, आणि मोटार नाही म्हणून लायसन नाही. ह्यांच्यापेक्षा कच्चे गडी, ह्यांनीच शिकवलेले, ड्रायव्हर झाले. ह्यांना कराडच्या डेपोत मोटारी धुवायला घेतलं. लष्करातला माणूस म्हणून मेहरबानी केली, असं साहेब म्हणाला, आणि ह्यांनी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

रोज भिजलेल्या पायजम्यानं घरी यायचे, न बोलता जेवायचे. मीही विचारायचं सोडून दिलं होतं. एक दिवस मात्र आले ते दारातूनच बोलत आले. सकाळचा ड्रायव्हर उशिरा आला होता, माणसं खोळंबली होती, तेव्हा धुवायच्या जागेपासून फाटकापर्यंत मोटार ह्यांनी आणली. फाटकाच्या आत लायसन लागत नाही. फाटकात ड्रायव्हर आला, हे उतरले, तो चढला.

मी ताट वाढत विचारलं, "कशी चालली?"

"लय ब्येस," हे म्हणाले. "दुसरा गेर टाकायला जागाच न्हाई गं तितं. पण पैल्या गेरात लय ब्येस चालली."