परिचय विचारला आणि हात कानांवर गेले

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितोय, कारण घरी हे सांगता येणार नाही.

आज इंजिनिअरिंगचा पहिला दिवस. सर म्हणाले, "एक-एक करके परिचय दीजिए. बैकग्राउंड, रुचि, सब." माझी पाळी आली, उभा राहिलो आणि हात आपोआप कानांवर गेले.

इथे उत्तरेत रामघाटावर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या वेदपाठशाळेत मोठ्यांनी परिचय विचारला की असाच द्यायचा असतो. कानांना हात लावून प्रवर, गोत्र, शाखा, मग आपलं नाव, आणि वाकून नमस्कार. अर्ध्यावर आलो तेव्हा वर्ग हसतोय हे कळलं.

"और रुचि?" सरांनी विचारलं.

मला रेडिओ म्हणायचं होतं. घाटावरच्या मल्लाहांचे, म्हणजे नावाड्यांचे, बिघडलेले ट्रान्झिस्टर मी शाळेपासून दुरुस्त करतो, त्याच नादानं तर इंजिनिअरिंगला आलो. पण मागून कुणीतरी बोललं, "सर, सत्यनारायण की कथा." सरही हसले आणि पुढच्याकडे वळले. दुपारपर्यंत मी सगळ्यांचा पंडितजी झालो होतो.

घरी अण्णांनी विचारलं, "परिचय दिलास ना नीट?"

"हो."

ॲडमिशन झाल्यापासून माझ्याशी धड न बोललेले अण्णा खुलले. आईला म्हणाले, "बघ, कुठेही गेला तरी हा आपलाच राहणार."

रुची त्यांनीही विचारली नाही.

आता चार वर्षं तिथे काढायची आहेत. उद्या कुणी विचारलंच, तर "काही नाही" म्हणेन. तुमचं उत्तर ऐकायला कधी कुणी थांबलं होतं का?