खरवडलेल्या पेशी

पुंजाराम भाजीवाल्यांच्या घरातला. कोबीची वरची पानंसुद्धा तिथे गाईच्या पुढ्यात जायची, उकिरड्यावर नाही. तो नाशिकच्या एका दवाखान्यात प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ झाला आणि ही सवय सोबत घेऊन गेला.

२००३ साली तिथल्या डॉ. उत्तरा यांनी क्षयरोग्यांच्या पांढऱ्या पेशींचं काम हाती घेतलं. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात आणि ते पकडणारे रिसेप्टर त्यांच्या अंगावर असतात. रोग्यांच्या पेशींवर ते किती, निरोग्यांच्या किती, एवढंच पाहायचं होतं. पुंजाराम रक्तातून पेशी वेगळ्या करी, काचेच्या बशीत ठेवी आणि मोजणीला पुण्याला पाठवी.

रोग्यांचे रिसेप्टर निम्मेच निघाले. मॅडम हरखल्या. शोधनिबंध दिल्लीच्या परिषदेला जायचा ठरला, त्यात पुंजारामचंही नाव येणार होतं. घरच्यांनी आळीत पेढे वाटले.

पेढ्यांची जरा घाईच झाली. निबंध पाठवायला आठ दिवस उरले असताना एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या एका धडधाकट कामगाराच्या रक्ताची नळी कलंडली आणि अर्धं रक्त सांडलं. पेशी पुरेनात, म्हणून बशीच्या तळाला चिकटलेल्याही पुंजारामने खरवडून घेतल्या. पुण्याहून आकडा आला तो थेट क्षयरोग्यासारखा, निम्माच.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. रोग्यांच्या अंगात मुळात रक्त कमी, त्यांचं थोडंच घ्यायचं. म्हणून त्यांच्या चिकटलेल्या पेशी तो नेहमीच खरवडी. निरोग्यांच्या मुबलक असत, त्यांच्या चिकटलेल्या तो सोडून देई. म्हणजे रिसेप्टर गळत होते ते बशीला चिकटल्याने. रोगाचा त्यात काही हात नव्हता.

गप्प बसला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस त्याला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सांगून टाकलं. मॅडमनी निबंध मागे घेतला आणि आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. मग म्हणाल्या, सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं, आणि का ते रोग्यांना तुम्हीच सांगायचं.

पहिलीच हरसूलची भागीबाई निघाली. दोन एसट्या बदलून आलेली, खोकून खोकून थकलेली. पुंजारामने तिला सगळं सांगितलं.

“म्हंजे पयलं रगत वाया गेलं?” तिने विचारलं.

“गेलं, मावशी. माझ्या हातून.”



“खोटं बोलला असतास तर दिलं नसतं,” ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.