काकांचा जुना इन्शुरन्स

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या ईडन प्रेरी गावात बरं व्हायला घाबरणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहायचा. अर्धांगाच्या झटक्याने काकांचा उजवा हात गेला, पाठोपाठ नोकरी गेली. उरला तो जुन्या कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स. नोकरी सुटल्यावरही काही महिने पदरचे हप्ते भरून चालवायचा, आणि आजारपण कागदोपत्री टिकलं तर थोडा जास्त टिकणारा. म्हणजे हात हलावा म्हणून जिवाचं रान करायचं आणि हलला की धास्तावायचं! मंडळाच्या गणपतीत कुणी "काका, आता छान दिसताय हं!" म्हटलं की काका दचकून मागे बघत. "हळू बोल. इथे सगळे कॉल रेकॉर्ड होतात." समोर फोन नसायचाच, मोदकांचं ताट असायचं. इन्शुरन्सवाल्यांच्या होल्डवरचं संगीत तर त्यांना इतकं पाठ झालं होतं, की आंघोळीला गेले की तेच गुणगुणायचे. काकू म्हणायच्या, "यांना माझा वाढदिवस विचारू नका, मेंबर नंबर विचारा."

अशात एका लहानशा कंपनीने त्यांना अर्धवेळ काम देऊ केलं. इंटरव्ह्यूत पगाराचं विचारायचं सोडून काकांनी विचारलं, "तुमचा इन्शुरन्स नाही घेतला तर चालेल ना?" समोरच्या मुलीला वाटलं, आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. कामावर गेल्याने जुना इन्शुरन्स लगेच जात नाही, नवा घेतला की मात्र जाऊ शकतो, हे काकांनी फोनवर चौघांकडून वदवून घेतलं होतं.

"कंपनीचं फुकटचं सोडून विकतचं कशाला, काका?" थेरपीला ड्राइव्ह करताना मी एकदा विचारलंच.

"अरे, नव्या इन्शुरन्सच्या यादीत माझी थेरपिस्ट मार्था नाही. तिने मला चमचा धरायला शिकवला. तुझ्या काकूच्या हातून किती दिवस जेवायचं, यार?"

त्यानंतर मी त्यांची चेष्टा जरा कमी केली.

पण जुन्या इन्शुरन्सची मुदत शेवटी संपलीच, आणि नवा घ्यावा लागला. थेरपीच्या शेवटच्या दिवशी मीच काकांना घेऊन गेलो. मार्थाने निरोपाला हात पुढे केला. काकांनी तो उजव्या हाताने धरला, चांगला घट्ट.

"वॉव, दॅट्स अ ग्रिप!" ती हसली.

काकाही हसले, पण हात सुटेना. पकड आली होती, बोटं उघडायचं शिकणं अजून राहिलं होतं. मार्थाने दुसऱ्या हाताने त्यांचं एकेक बोट हळूच सोडवलं. मला फार वाईट वाटलं. काकांचा कोट घेऊन मी दाराशी नुसता उभा राहिलो.