दोनशे अडतीस वॅट

अमरदीपला काम टाळता येत नसे. तेच त्याला नडलं.

कुम्हारीजवळच्या एका खाजगी भट्टीवर त्यानं चौदा वर्षं लांब सळईनं वितळलेल्या लोखंडावरची मळी ओढली. दोन वर्षांपासून घराचा जिना चढतानाही दम लागायचा. ठेकेदाराचा डॉक्टर म्हणे, कामचोरी आहे. मी युनियनचा माणूस; मागणी केली, याला भट्टीवरून काढा, गेटवर बसवा. सुपरवायझर भैय्याजी हसून म्हणाला, "सबूत लाओ, नेताजी."

मी दहावी नापास. पण सबूत कुठं मिळतो ते मला कळतं. पद्मनाभपुरातल्या एका जिममध्ये रोइंगचं मशीन आहे. बसून, पायांनी रेटत साखळीची मूठ ओढायची; प्रत्येक ओढीची ताकद पडद्यावर वॅटमध्ये दिसते. तिथल्या वैभवीताईंनी मला समजावलं, एका ओढीच्या आकड्याला अर्थ नाही. मिनिटाला बावीस ओढी, दहा मिनिटं, एका लयीत. ताकद किती टिकते आणि तेवढ्यासाठी नाडी किती पळते, ते बघायचं. थकलेली छाती तिथं लपत नाही.

रविवारी सकाळी मी भैय्याजीला तिथं आणलाच. अमरदीपला बजावलं होतं, "जोर दाखवू नको. आरामात."

"हो ना भाऊ. समजलं मले."

तो बसला, मूठ धरली. आणि मी, शहाणा, म्हणालो, "चल, राउंड सुरू कर."

राउंड! भट्टीवर साहेब पाहणीला निघाला की पहिला जो बघेल तो हाळी देतो, "राउंड", आणि सगळ्यांचे हात दुप्पट चालतात. हे मला माहीत होतं. तरी तोंडातून गेलंच.

अमरदीपनं मान वर करून भैय्याजीकडं पाहिलं आणि मळी ओढतात तशी साखळी ओढली. एकशे नव्वद. दोनशे दहा. दोनशे अडतीस.

भैय्याजीनं मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. "आदमी तो घोड़ा है. कल से ड्यूटी पे."

"दहा मिनिटं थांबायचं ठरलं होतं," मी दारात आडवा झालो.

"सबूत तो आपने ही दिखाया ना?" तो मला बाजूला करून गेला.

मागं आकडे कोसळत होते. एकशे चाळीस, नव्वद, साठ. नाडी एकशे बहात्तर. तिसऱ्या मिनिटाला मूठ सुटली, अमरदीप गुडघ्यांवर वाकून खोकत राहिला. वैभवीताईंनी सगळं कागदावर उतरवलं. तो कागद ज्यानं बघायचा होता तो माणूस रस्त्याला लागला होता.

मी चिडलो. "कावून केलं असं? सांगितलं होतं ना तुले?"

"तो पाहून राहिला होता ना भाऊ. अन् तुम्हीच तर राउंड म्हटलं."

मी वैभवीताईंचा कागद खिशात घातला. उद्या तो घेऊन गेटवर उभा राहीन. त्या फोटोपुढं हा कागद कोणी वाचणार नाही, तेही ठाऊक आहे.

अमरदीपनं तोंड पुसलं. श्वास सापडायला वेळ लागला.

"भाऊ, भैय्याजीले म्हणा, तो फोटो मलेही पाठव. दोनशे अडतीसवाला. मोनालीले दाखवतो. पोरगी म्हणते, बाबा आता म्हातारे झाले."