आता कोणालाही सापडेल

तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष जायचं ते आरशातून. कापडी बिल्ल्यांच्या दुकानात शिरलं की समोर काउंटर, काउंटरमागे मालक, आणि मालकाच्याही मागे भिंतीकडे तोंड करून संगणकापाशी बसलेल्या एका बाईची नुसती पाठ. खांद्यावर एखादा रंगीत धागा चिकटलेला. पडद्याच्या वर खिळ्याला तळहाताएवढा आरसा टांगलेला होता. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्या आरशात दोन डोळे वर व्हायचे आणि मान न वळवताच बाई म्हणायची, "घुबडवाले ना? या. डोळे मागच्यासारखेच झोपाळू ठेवायचे, की या वर्षी उघडायचे?"

शाळेच्या बिल्ल्यावर घुबड होतं हे खरं, आणि ते झोपाळू दिसायचं हेही खरं. शाळेने चित्रच तसं आणून दिलं होतं. पण इतक्या गिऱ्हाइकांतून आपलं घुबड कोणाच्या तरी लक्षात आहे, याने आलेला माणूस सुखावून जाई.

सगळा रस्ता तिला आत्या म्हणायचा. तशी खरी आत्या ती एकाचीच, मालकाच्या मुलाची. मालक तिचा धाकटा भाऊ. लग्न होऊन गेलेली आत्या थोड्याच दिवसांत माहेरी परत आली. का, ते कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. वडिलांच्या शिवणाच्या दुकानात ती हाताने बिल्ले भरू लागली. पुढे भरतकामाचं मोठं मशीन आलं, मशीनला चित्रं पुरवायला संगणक आला, आणि तो शिकायला घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं म्हणून तीच शिकली. चित्र टाक्यांत उतरवायचं काम तिचं. कुठे टाका आडवा घ्यायचा, कुठे उभा, सुईने कुठून कुठे उडी मारायची, हे सगळं पडद्यावर आखून द्यायचं. मग मशीन खडखडत टोप्यांवर, शर्टाच्या खिशांवर आणि सुट्या बिल्ल्यांवर ते भरत जाई.

आखलेल्या चित्रांना ती नावं द्यायची ती मात्र तिच्यापुरती. 'झोपलेलं घुबड' ही एक शाळा. 'सिंह म्हणून आणलेलं मांजर' ही पहारेकरी पुरवणारी कंपनी. 'दर वेळी रंग बदलणारी' म्हणजे एका दवाखान्याची व्यवस्थापक. 'मान हलवतो पण ऐकत नाही' हा फुटबॉल क्लबचा चिटणीस. आरशात चेहरा दिसला की तिला नाव आठवे आणि नावावरून चित्र. संस्थांची नावं तिला कधी पाठ झाली नाहीत, माणसं मात्र होती. ती कुठे बाहेर गेली आणि एखादी फाइल हवी झाली की भाऊ फोन करून विचारायचा, "ताई, ते बेकरीवाले कुठे आहेत गं?" ती म्हणायची, "'करपलेला पाव' बघ." भाऊ कपाळावर हात मारून घ्यायचा.

अलीकडे संगणक थकला होता. सकाळी बटण दाबून आत्या दुकान झाडायची, पाणी भरायची, तरी पडद्यावर वर्तुळ फिरतच असे. फाइल उघडायला सांगावी तर तो विचारात पडे. काउंटरशी उभं असलेलं गिऱ्हाईक बोटं वाजवू लागे, तेव्हा भाऊ हसून म्हणे, "आमची ताई आणि तिचा संगणक, दोघंही आता सावकाश झालेत." आत्याही हसायची. पुढे पुढे त्याने त्या वाक्यातून संगणक गाळला.

त्याच सुमारास भाच्याचं ऑफिस बंद पडलं. तीस वर्षांचा घोडा, गोड बोलणारा, आत्याच्या मांडीवर वाढलेला. आधी तो घरी बसला, मग बापाबरोबर दुकानात येऊन उभा राहू लागला. उभाच, कारण दुकानात खुर्च्या दोन, एक मालकाची आणि एक आत्याची. एकदा जेवताना वहिनी म्हणाली, "वन्सं, किती दिवस त्या पडद्यापुढे डोळे फोडणार? आता जरा आराम करा की."

आराम हा शब्द आत्याला आजाराच्या नावासारखा ऐकू आला. ताटातला घास तिने उगीचच बराच वेळ चावला. तिच्या मनाने तेव्हा घेतलं ते एवढंच, की सावकाश कोण आहे ते एकदा या सगळ्यांना दिसलं पाहिजे. हात तिचे अजून पहिल्यासारखेच चालत होते. अडत होता तो डबा.

तिने डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणजे रस्त्याच्या टोकाचा संगणक दुरुस्त करणारा. काही उघडण्याआधी डब्याला कान लावायची त्याला खोड होती, म्हणून ते नाव.

"ऐकताय ही टकटक?" डॉक्टर कान न काढता म्हणाला. "तुमची हार्ड डिस्क आता पाहुणी आहे, आत्या."

"पाहुणी म्हणजे जाणारी, की ठाण मांडून बसणारी?"

"जाणारी. कधीही."

"मग नवी बसवा. पण तिच्यातलं सगळं आधी काढून घ्या. माझी माणसं आहेत त्यात."

"चालतंय की अजून," काउंटरवरून भाऊ म्हणाला. "उगाच कशाला हात लावायचा?"

आत्याने खुर्ची फिरवली. ती क्वचितच फिरवायची. "नवी घाल एकदा," ती म्हणाली, "आणि मग बघ सावकाश कोण आहे ते."

भाऊ या वेळी हसला नाही. "बरं," म्हणाला.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी काम निघालं. शटर अर्धं वर होतं. डॉक्टरने वायरी काढल्या, डबा टेबलावर आडवा घातला आणि बाजूचा पत्रा सरकवला. आतल्या पंख्याला धाग्यांच्या तुसांचा मोठा बोळा अडकला होता, लाल, निळा, पिवळा, हिरवा. डॉक्टरने तो चिमटीत धरून वर काढला. "गावातल्या सगळ्या शाळा इथेच भरल्यात वाटतं."

मग त्याने नवी डिस्क काढली, एसएसडी म्हणतात ती. काड्यापेटीहून पातळ, काळी, गुळगुळीत. भावाने ती हातात घेऊन कानाशी हलवून पाहिली. "एवढीशीच? आणि काही वाजतही नाही. आत आहे ना काही?"

"आत फिरणारं काही नाही, म्हणून तर लवकर काम करते."

"बसल्या जागी," भाचा म्हणाला, "आत्यासारखी."

सगळे हसले. तीही हसली, मनापासून.

डॉक्टरने जुन्या डिस्कची वायर सोडून ती बाजूला ठेवली. "आधी हिला दूर ठेवतो. नाहीतर चुकून हिच्यावरच विंडोज घातलं की तुमची माणसं गेली." नवी त्याने खाचेत सरकवली, बारीक स्क्रू आवळले, एक वायर वीज आणणारी आणि एक निरोप नेणारी, अशा दोन्ही जोडल्या आणि पेन ड्राइव्ह खुपसून बटण दाबलं. काही वेळाने पडदा निळा झाला आणि त्यावर एक चौकट आली.

"वापरणाऱ्याचं नाव काय टाकू?" डॉक्टरने विचारलं.

हा संगणक मुळात कुठल्याशा बंद पडलेल्या कार्यालयातून जुना म्हणून घेतला होता. त्यावर रोज सकाळी त्या कार्यालयाचंच नाव यायचं आणि कोणी ते बदललं नव्हतं.

"दुकानाचं टाका," भाऊ म्हणाला.

"माझं टाका," आत्या म्हणाली, आणि तिने आपलं नाव सांगितलं. ते दुकानात किती वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. भाचा तिच्याकडे बघत राहिला. डॉक्टरने एकदा परत विचारून घेतलं आणि एकेक अक्षर दाबलं.

मग जुनी डिस्क परत जोडून तिच्यातलं नवीवर घ्यायला सुरुवात केली. शाळा सुटल्यावर फाटकातून मुलं निघतात तशी फाइलींची नावं पडद्यावरून जात होती. झोपलेलं घुबड गेलं, करपलेला पाव गेला. आत्या खुर्ची ओढून बघत बसली. सगळी सुखरूप पोचल्यावर डॉक्टरने जुनी डिस्क काढून तिच्या हातात दिली. "जपून ठेवा. आहे तोवर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबून आत्याने सवयीने झाडू उचलला. वळून पाहते तर पडदा तयार. झाडू हातात तसाच राहिला.

नव्या घरात माणूस जुन्या चिंध्या नेत नाही. तसं काहीसं तिला झालं. एवढी लख्ख डिस्क आणि तिच्यात 'सिंह म्हणून आणलेलं मांजर' हे बरं दिसत नाही, असं तिने स्वतःच ठरवलं. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा ती एकेक फाइल उघडून नीट नाव द्यायला लागली. संस्थेचं नाव, वर्ष, टोपी की खिसा, धाग्यांचे रंग. शाळा एकीकडे, दवाखाने एकीकडे, क्लब एकीकडे. जुनं नाव खोडताना तिला हसू यायचं, कधी ती ते मोठ्याने वाचून दाखवायची. भाचा पोट धरून हसायचा. "आत्या, तू यांना तोंडावर असं म्हणत नाहीस हेच नशीब."

काम झरझर होऊ लागलं. गिऱ्हाइकाला बोटं वाजवायला वेळच उरला नाही. एका संध्याकाळी भाऊ म्हणाला, "ताई, तू तर उडायला लागलीस."

"काय म्हणालास?" तिला नीट ऐकू आलं होतं.

"उडायला लागलीस म्हटलं."

त्या रात्री तिने वहिनीला आपणहून आणखी एक पोळी मागितली.

मग एक दिवस ती चष्म्याचा नंबर तपासायला गेली. या खेपेला भावाचा फोन आला नाही. परत आली तेव्हा खुर्चीत भाचा बसला होता. काउंटरशी घुबडाच्या शाळेचा माणूस होता आणि मशीन खडखडत होतं.

"आत्या, तुझी वाट बघावीच लागली नाही," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा कौतुकाने फुलला होता. "शाळेचं नाव टाकलं, लगेच आलं. काय मस्त लावून ठेवलंयस तू. आता कोणालाही सापडेल."

तो उठून खुर्ची द्यायलाही लागला. आत्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बस, बस." तिच्या मनात होतं, हातातलं संपेपर्यंत. ते तिने बोलून दाखवलं नाही, आणि न बोललेलं ओळखावं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधीच तो खुर्चीत होता. तिसऱ्या दिवशीही.

आठवडाभराने तिने भावाला गाठलं. "अरे, माझं काम?"

"ताई, तूच म्हणालीस ना, सावकाश कोण ते बघ. संगणकच सावकाश होता. मान्य, शंभर वेळा मान्य." भावाचा आवाज अगदी समजुतीचा होता. "आता तो इतका जलद झालाय की त्याला अख्खं माणूस लागत नाही. दोघांनी कशाला अडकून पडायचं?"

"मग त्याने पडू नये."

"त्याचं सगळं आयुष्य पुढे आहे."

"आणि माझं कुठे आहे?"

भावाने टोप्यांच्या गठ्ठ्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सैलच होती. "मागच्या खोलीत तयार माल साठतो," तो म्हणाला. "तिथे घरचं कोणी असेल तर बरं."

वहिनीने त्या खोलीतल्या खुर्चीसाठी मऊ उशी शिवून दिली. कोणी तिला वाईट बोललं असं नाही. तसं झालं असतं तर भांडता तरी आलं असतं.

नवी चित्रं आता संगणक आपली आपणच टाक्यांत उतरवतो. भाचा फक्त होकार देतो. घुबडाचे डोळे या वर्षी उघडले आहेत, एक इकडे बघतो आणि एक तिकडे. शाळेने तक्रार केलेली नाही. खिशावरच्या बिल्ल्याकडे कोण एवढं निरखून बघतं? आरसा भाच्याने काढला, कारण त्यातला उजेड त्याच्या डोळ्यांवर यायचा.

मध्यंतरी पंखा साफ करायला डॉक्टर आला होता. "आत्या कुठे?" म्हणून विचारत तो मागच्या खोलीत गेला. खिडकीपाशी बिल्ल्यांचा ढीग होता, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर जुनी हार्ड डिस्क ठेवली होती.

"हे काय," डॉक्टर म्हणाला, "पाहुणी अजून इथेच?"

"ठाण मांडून बसली," आत्या म्हणाली. "तिच्यात नावं अजून जुनीच आहेत."

डॉक्टरने वाकून डिस्कला कान लावला. "संगणकावर तुमचं नाव मात्र अजून येतं हं," तो म्हणाला. "आत्ताच सुरू केला तेव्हा पाहिलं."

"येतं?"

"येतं. पण वाचेपर्यंत जातं. एसएसडी आहे ना."

"चांगली बसवलीत," आत्या म्हणाली आणि कात्री उचलली.

सध्या ती त्याच खोलीत, खिडकीकडे तोंड करून बसते आणि तयार बिल्ल्यांच्या पाठीवर सुटलेले धागे कापते.