कापलेला कोपरा

आमच्या ह्यांना बोटीवरच्या टपालाचं वेड होतं. पोलादपुरात मास्तरकी करणाऱ्या माणसानं समुद्र नीट पाहिलेलाही नव्हता, पण भर समुद्रात टाकलेल्या पत्राला कुठल्या देशाचं तिकीट लागतं, किती वजनाला किती दर, हे तोंडपाठ. बोट विलायतेची तर तिकीट विलायतेचं, दरही तिथलाच, आणि पत्र मुंबईला उतरलं की त्यावर 'पॅकबोट' असा शिक्का. बैरंग पत्र आलं की लोकांची तोंडं वाकडी होत. ह्यांचा चेहरा खुलायचा. कमी पडलेल्या तिकिटाच्या दुप्पट पैसे भरावे लागले तरी त्या दंडाचा शिक्का मिळाला म्हणून! मी चिडायचे, हसायचेही.

अशी पाकिटं यायची कुडपणच्या एका म्हातारीच्या मुलाची. तो बोटीवर खलाशी होता. पत्रं आमच्या पत्त्यावर येत. बाजाराच्या दिवशी ती डोंगर उतरून यायची, हे वाचून दाखवायचे. पत्र तिचं, पाकीट ह्यांचं, असा दोघांचा करार.

एकदा चार महिने पत्र नव्हतं. म्हातारी दर बाजाराला येऊन हात हलवत परत जायची. शेवटी पत्र आलं तेव्हा हे नेमके पेपर तपासायला महाडला गेलेले. कुडपणचा एक माणूस वर निघाला होता. म्हटलं, पत्र आलंय एवढं तरी तिला कळू दे, वाचून घ्यायला उतरेल ती. आणि ह्यांना खूश करावं म्हणून कात्रीनं पाकिटाचा तिकीट लावलेला कोपरा कापून ठेवला आणि पाकीट त्या माणसाबरोबर धाडलं. इतकी वर्षं ऐकून मला एवढंच कळलं होतं, की तिकीट महत्त्वाचं!

मयताची बातमी असलेल्या पत्राचा कोपरा फाडतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? साधं कार्ड असतं तर हात थबकला असता. त्या रंगीत पाकिटाला पाहून डोकंच चाललं नाही.

दोन दिवसांनी सकाळी म्हातारी दारात. हे आदल्या संध्याकाळीच परतले होते. तिनं पाकीट पुढं केलं. "वाचा मास्तर. कवा गेला माझा पोर, तेवढाच सांगा."

ह्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अर्धा शिक्का माझ्या कात्रीनं गेला होता. त्याबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत, पुढंही कधी नाही. उभ्याउभ्या पत्र उघडून पहिल्यांदा म्हणाले, "आई, पोरगा धडधाकट आहे. शिमग्याला येतोय." मग सगळं वाचलं. तिनं खालचं नाव तीनदा वाचायला लावलं. मी तिचे पाय धरून काय केलं ते सांगितलं. ती रागावली नाही.

मग भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "बाय गो, भाकरी हाय का? परवापासून घरात चूल नाय पेटवली."